बग्गीचे डोळे

माझ्या वयाच्या बायका आठवणी लिहायला बसल्या की सुरुवात परकराच्या वयापासून करतात. मीही तशी तीन वेळा बसले आणि तिन्ही वेळा उठले, कारण खरं सांगायचं तर त्या वयात मी वाढलेच नाही, नुसती उंच झाले. अकरावीला शाळा सुटली, शिवण आलं, लग्न आलं, मग तीस वर्षं घरी शिवणाचे क्लास घेतले आणि दुसऱ्यांच्या मुलींचे परकर बेतले. मी वाढले ते सदुसष्टाव्या वर्षी, तुकोगंजातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून अक्कांच्या दिवाणापर्यंतच्या बावीस फुटांत. त्यामुळे या पुस्तकातलं माझ्या तरुणपणाचं प्रकरण हेच समजा. कुणाला चिंचा-बोरं हवी असतील तर पहिली दोन प्रकरणं आहेत, तिथे थोडी टाकली आहेत.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, माझ्यापेक्षा अकरा. नणंद-भावजयीचं असावं तसं आमचं चाळीस वर्षं छान होतं, म्हणजे सणाला साडी आणि बाकी वर्षभर टोमणे. हे गेले तेव्हा त्या पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आल्या. त्यांचे यजमान आधीच गेलेले, एकुलता एक श्रीकांत पुण्याला बँकेत, उज्जैनचं घर बंद. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष, आणि एक दिवस त्यांनी स्वतःची खलबत्त्याची जोडी मागवून घेतली तेव्हा मी समजले की आता या राहिल्या. सकाळी कचरा-गाडीचं गाणं वाजायचं, त्याच्यावर अक्कांचा रेडिओ, त्याच्यावर माझ्या कुकरची शिट्टी. मी पोह्यांवर शेव आणि जीरावणाचा मसाला घालत असताना आतून हुकूम यायचा, "सुमन, जीरावण जरा हात सोडून घाल, औषध नाहीये ते." अशी आमची सकाळ. मला तर आवडायची.

आता पोळीचं सांगते, कारण सगळं पुढचं रामायण पोळीचं आहे. अक्कांच्या सासरी सोळा माणसं. या लाटणार, या वाढणार, आणि या बसणार तेव्हा तवा गार झालेला. माझ्याकडे आल्यावर पहिल्याच दुपारी मी त्यांना ताटावर बसवलं आणि तव्यावरून उतरलेली पोळी तशीच नेऊन वाढली. त्यांनी ती बोटाने फोडली, वाफ नाकाशी घेतली आणि म्हणाल्या, "सुमन, ही पोळी मी हजारदा केली गं, खाल्ली नव्हती." झालं. त्या दिवसापासून घरचा नियम ठरला, की अक्कांच्या ताटात पोळी तव्यावरूनच जाणार, एक संपली की दुसरी. तीन पोळ्या आणि वर "अजून एक, छोटी." ती छोटी कधी छोटी नसायची.

मग एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. अक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. त्यांना नळीतून पाहिल्यासारखं मधलं थोडं दिसायचं, बाजूचं सगळं गेलं. त्यात एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लागून पडल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की कुणी हात धरल्याशिवाय चालायचं नाही, जेवण दिवाणावरच. आणि मी रंगपंचमीला जिन्यावरच्या रंगाच्या पाण्यात अशी घसरले की उजवं मनगट मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. लाटणं फिरतं त्याने, भरलेलं ताट उचलवत नाही. डाव्या हाताने एकेक पोळी न्यायला लागले तर बावीस फूट जायचं, बावीस यायचं, तेवढ्यात तव्यावरची कोळसा. गॅस बंद करून गेलं तर तवा थंड, पुढची पोळी वातड. मग मी सगळ्या एकदम करून डब्यात भरून नेऊ लागले. अक्कांची कवळी सैल, डब्यातली पोळी त्यांना चावेना. पण त्या काय बोलणार? सासरी इतकी वर्षं गार पोळी खाऊन बोलल्या नाहीत. अर्धी खायच्या आणि म्हणायच्या, "पोट भरलं गं." भांड्यांना येणारी रेखा म्हणाली मी वाढून देत जाईन, पण दुपारी तिच्याही घरी पोळ्या असतात ना.

दोन महिन्यांनी श्रीकांतने फोनवर आईचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "आई, गाल कुठे गेले तुझे?" मग मला म्हणाला, "मामी, तुझ्यावर राग नाही माझा, पण दोघींचं मिळून एक माणूसही होत नाही आता. मी नवरात्रानंतर येतो आणि आईला घेऊन जातो." मुलगा वाईट नाही हो. बोलला ते खोटंही नव्हतं. दुपारी मी बघते तर दिवाणावर बॅग उघडलेली आणि हाताने चाचपत अक्का साड्यांच्या घड्या घालतायत. मी म्हटलं, "अक्का, नवरात्र दीड महिना लांब आहे." तर म्हणाल्या, "मला दिसत नाही ना, वेळ लागतो."

त्या दिवशी मला संताप आला. कुणावर ते माहीत नाही, बहुतेक त्या बावीस फुटांवर. मी मनात म्हटलं, पोळीला पाय फुटले पाहिजेत.

मला विजेची भीती कधीच नव्हती. क्लासमधल्या आठ मशीनांच्या मोटरी मीच उघडायचे, कारण मिस्तरीला बोलावलं तर तो चार दिवसांनी यायचा आणि यायचा तेव्हा चहा मागायचा. बाकी शिकले फोनवर. हैदराबादकडची एक मुलगी फार गोड हिंदीत समजवायची, लाल तार इथे, काळी तार तिथे. तिचा एकेक व्हिडिओ मी आठ-आठदा बघितला. अक्का ऐकून ऐकून तिचं वाक्य पुरं करायला लागल्या होत्या. भाजीवाल्याकडून प्लास्टिकचा क्रेट आणला, त्याला खाली दोन मोटरी, चार चाकं, पोटात बॅटरी आणि एक निळी पट्टी, जिला आपण गाडीचा मेंदू म्हणू. वर स्टीलची थाळी. फरशीवर ओट्यापासून दिवाणापर्यंत काळी चिकटपट्टी लावली, इंच टेपने मोजून, वळणाला बाही कापतात तशी गोलाई देऊन. गाडीने ती पट्टी धरून चालायचं, दिवाणाशी थांबायचं, अक्कांनी पोळी उचलून बटण दाबलं की गर्रकन वळून परत यायचं. अक्कांचे आजोबा संस्थानाच्या बग्गीखान्यात होते. गाडीचा पहिला घरघराट ऐकला आणि त्या म्हणाल्या, "बग्गी निघाली वाटतं." तेच नाव पडलं.

बग्गी चालायची हो फर्स्टक्लास. पण पायाखालच्या पट्टीपलीकडे आंधळी. वाटेत रेखाची बादली आली की बादलीला धडक, खुर्ची आली की खुर्चीला. आणि शेवटी वाटेत येणार कोण, तर अक्कांचे पाय. त्यांचे पाय आधीच नाजूक, साखरेचे, एक ओरखडा महिना महिना भरत नाही. तेव्हा बग्गीला डोळे लावणं भाग होतं. समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगणारे डोळे, सेन्सर म्हणतात त्याला. यासाठी माझ्याकडे मिक्सरचे पैसे होते. जुना मिक्सर खालून गळत होता, नवीन घ्यायला साठवलेले. म्हटलं मिक्सर गळू दे.

जेल रोडला इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं आहेत, त्यातल्या एका चिंचोळ्या दुकानात राठौर म्हणून एक मालक. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाला, "आंटीजी, पोते का स्कूल प्रोजेक्ट है?"

"नहीं भिया, मेरा है."

"आपका? मतलब आप खुद?"

"हाँ. रोटी ले जाने की गाडी है. आँख चाहिए उसको, सस्ती और अच्छी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग काउंटरवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, आणि म्हणाला, "आंटीजी, सस्ती अलग मिलती है, अच्छी अलग." तरी त्याने स्टूल दिलं बसायला, आणि एकेक डबी उघडून दाखवली. एक गोल फिरणारा डोळा होता, चहूकडे लेझर टाकून अख्ख्या खोलीचा नकाशा काढतो म्हणे, मोठ्या गाड्यांना लावतात. किंमत ऐकली आणि मी म्हटलं, हा घेतला तर बग्गी येईल, पोळीला पीठ येणार नाही. तो हसला. मग त्याने सगळ्यात स्वस्त काढला. दोन गोल डोळे पुढे आलेले, घुबडासारखा, पण काम वटवाघळाचं. एका डोळ्यातून आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, तो समोर आपटून परत आला की दुसऱ्याने ऐकतो, आणि किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतो. मला ते फार पटलं. आमच्या अक्काही खोलीत कोण आलं ते चपलेच्या आवाजावरूनच सांगायच्या.

घरी आणून लावला आणि परीक्षा घेतली. परीक्षा म्हणजे काय, तर कोठीतले डबे काढले आणि पट्टीवर एकेक उभा केला. पिठाचा डबा, बग्गी थांबली. डाळीचा, थांबली. तेलाची किटली, लाडवांचा डबा, अगदी मोहरीचा छोटा डबा, थांबली, थांबली, थांबली. मी अक्कांना ओरडून सांगत होते, जसा क्रिकेटचा स्कोअर. अकरापैकी अकरा! रेखानेही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहिली पोळी थाळीत ठेवली आणि बग्गी सोडली. अक्का दिवाणावरून पाय खाली सोडून बसलेल्या, अंगावर मऊ सुती लुगडं, गुडघ्यांवरून गोधडी ओढलेली. बग्गी गेली, गेली, आणि न थांबता सरळ गोधडीत घुसली. पोळी उडून अक्कांच्या मांडीवर.

"अगं, आली की बरोबर!" अक्का म्हणाल्या. "ताट कशाला मग? पदरातच वाढ."

मी धावत जाऊन आधी पाय बघितले. नशीब, गोधडी जाड होती. नंतर बसून विचार केला तेव्हा स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं मी शिवण शिकवलं! ज्या खोलीत कापडाचे तागे रचलेले असतात तिथे मशीनचा आवाज मरतो, हे मला ठाऊक नाही? मऊ कापड आवाज खाऊन टाकतं. स्टीलच्या डब्यावरून आवाज टणकन परत येतो आणि गोधडीतून येतच नाही. मी सगळी परीक्षा डब्यांवर घेतली, कारण आमच्या घरात 'वस्तू' म्हटलं की हात कोठीकडेच जातो. बग्गीला अख्खं स्वयंपाकघर दिसत होतं. दिसत नव्हत्या त्या एकट्या अक्का.

पुन्हा जेल रोड. या वेळी राठौर म्हणाला, "आइए माताजी." आंटीवरून बढती. त्याने दुसरा डोळा दिला, हा आवाज सोडत नाही, न दिसणारा उजेड सोडतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला. कापडावर चालतो म्हणाला. चालला पण! गोधडी दिसली, लुगडं दिसलं, अक्कांचा पाय दिसला. मी त्या रात्रीच्या जेवणाला शिरा केला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बग्गी अक्कांच्या खोलीच्या दारात थांबली ती थांबलीच. समोर काही नाही. नुसता गॅलरीच्या दारातून आलेला उन्हाचा पट्टा. उन्हातही तसलाच उजेड असतो आणि ऊन त्याच्यापेक्षा मोठं, त्यामुळे डोळा दिपतो, हे मला संध्याकाळी हैदराबादच्या मुलीकडून कळलं. ऊन सरकेपर्यंत पोळी दारात. अक्का आतून म्हणतात, "काय गं, सोवळ्यात आहे का बग्गी? आत यायला तयार नाही." आणि त्या दिवशी अक्कांनी अर्धीच पोळी खाल्ली. बॅग तोवर भरून भिंतीला लावून ठेवलेली होती. येता-जाता ती दिसायची मला.

अजून एक गोष्ट कबूल करते. मधल्या काळात मला मजा यायला लागली होती. सकाळी उठल्यावर गुडघे आठवायच्या आधी बग्गी आठवायची. शेजारच्या बाई म्हणायच्या, "सुमनताई, या वयात हे काय?" मी म्हणायचे, या वयात वेळ असतो. आता हात अजून थरथरतात, बारीक तार धरायला चिमटा लागतो, पण तेव्हाचं ते वेड आठवलं की अजून ऊब येते. फक्त अक्कांच्या बॅगेकडे बघितलं की वाटायचं, आपण खेळतोय आणि हिचे दिवस चाललेत.

तिसरा डोळा लेझरचा. मुगाच्या डाळीएवढा. राठौर म्हणाला, "मॅडम, ये सही चीज है, आपके बजट में यही बैठेगा." मॅडम झाले बघा मी! मिक्सरचे उरलेसुरले यात गेले. घरी येऊन चिमट्याने जोडला, आणि बग्गी जागची हलेना. फोनवर आकडा बघते तर काय, म्हणे समोर चार बोटांवर काहीतरी आहे. समोर काही नव्हतं. मी बग्गी पॅसेजमध्ये ठेवली, गॅलरीत ठेवली, शेवटी छताकडे तोंड करून ठेवली, तरी चार बोटांवर काहीतरी आहे! फरशी पुसली. मीठ-मोहरी ओवाळून टाकली, हो, लाज कसली, टाकली. राठौरला फोन केला. "पीस खराब होगा मॅडम, बदल देंगे." बदलून आणला. नव्यालाही तेच, चार बोटांवर भूत. आणि दुसऱ्या दिवशी श्रीकांत येणार होता.

मी दिवाणाच्या कडेला बसले. अक्का म्हणाल्या, "आज बग्गीचा आवाज नाही?"

"तिला समोर काहीतरी दिसतंय अक्का. मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही, म्हणजे भांडण मिटलं. आण इकडे तो डोळा."

मी त्यांच्या तळहातावर ठेवला. अक्का काहीही बोटांनीच बघायच्या तेव्हा, भाजी निवडायच्यासुद्धा. त्यांनी अंगठ्याच्या नखाने तो मुगाचा दाणा हळूच खरवडला आणि थांबल्या.

"सुमन, यावर पन्नी आहे."

"असू दे, नवीन आहे तो."

"नवीन आहे म्हणून काय झालं? डोळ्यावर पन्नी आहे गं! मोतीबिंदू झालाय याला."

मी चष्म्यावर चष्मा लावून बघितलं. खरंच. पिवळट, पारदर्शक, मुंगीच्या पंखाएवढी प्लास्टिकची पन्नी, कारखान्यातून धूळ बसू नये म्हणून लावलेली. लेझर निघतोय, त्याच पन्नीवर आपटतोय आणि परत येतोय. बरं, ती मला दिसली नव्हती असं नाही! पहिल्या वेळीही दिसली होती, दुसऱ्या वेळीही. पण आमच्या घरात नव्या वस्तूची पन्नी काढतात का कधी? फ्रीजच्या दाराची पन्नी फ्रीज भंगारात जाताना गेली. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत गुंडाळलेला आहे. आमचे हे तर नव्या सूटकेसला खोळ शिवायला लावायचे आणि खोळ मळू नये म्हणून वरून अजून एक. मी विचार केला होता की पन्नी राहू दे, डोळा नवाच्या नवा राहील. हैदराबादच्या मुलीने हे सांगितलं नव्हतं, कारण तिला काय माहीत की जगात असेही लोक असतात.

नखाने पन्नी निघाली, मी डोळा परत बग्गीला जोडला, आणि अक्कांनी आपला हात त्याच्यासमोर धरला. मी फोनवरचा आकडा वाचला, "एक वीत." त्यांनी हात लांब नेला. "दीड वीत. दोन." "आता?" "आता भिंत दिसतेय त्याला." अक्का हात पुढे-मागे करत राहिल्या, लहान मुलीसारख्या, आणि प्रत्येक वेळी मी मोठ्याने आकडा सांगत राहिले. किती वेळ चाललं ते, सांगता येणार नाही.

मग मी घुबडालाही परत लावलं, कारण कडक उन्हात लेझरही जरा गोंधळतो आणि आवाजाला उन्हाचं काही नाही. दोघांपैकी एकाला जरी काही लागलं तरी बग्गीने थांबायचं. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "नणंद-भावजय बसवलीस म्हणजे. एकीचं एकीला पटायचं नाही, पण चोर घरात शिरायचा नाही."

श्रीकांत आला तो साडेअकराला. पाया पडला, चहा घेतला, परतीची दोन तिकिटं टेबलावर ठेवली आणि काळी पट्टी बघून म्हणाला, "मामी, घरात हायवे केला काय?" कणीक मळून ठेवली होती, तवा चढवला. अक्कांच्या ताटात भरली वांगी, कोशिंबीर, वरण आधीच नेऊन ठेवलं होतं. पहिली पोळी फुगली, थाळीत टाकली, बग्गी सोडली.

श्रीकांत पॅसेजमध्ये आडवा. बग्गी त्याच्या पायमोज्यापासून वीतभर अलीकडे थांबली. तो बाजूला झाला, ती निघाली. त्याने पुढे जाऊन आपली कापडी बॅग ठेवली, ती थांबली. बॅग उचलली, दारातला काळा बूट आणून ठेवला. थांबली. बँकेतला माणूस, कागद तिन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय सही करत नाही. तो आता पायमोजा काढून पाय आडवा घालणार, इतक्यात आतून आवाज आला, "श्रीकांत! तुझं चेकिंग होईस्तोवर माझी पोळी गार करतोस?"

तो चटकन सरकला. बग्गी आत गेली. उन्हाचा पट्टा ओलांडला. मी लाटणं हातात धरून दारातून बघत होते. दिवाणाशी, गोधडीपासून वीतभर अंतरावर, थांबली. अक्कांनी चाचपून पोळी उचलली, फोडली, वाफ नाकाशी घेतली, बटण दाबलं. बग्गी परत. दुसरी गेली, तिसरी गेली. त्यानंतर माझं लाटणं एकदाही थांबलं नाही. आणि मग तो शब्द आला, जो मी चार महिने ऐकला नव्हता आणि बहुधा श्रीकांतने कधीच ऐकला नसेल. "सुमन, अजून एक. छोटी."

श्रीकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "मामी, गाडी चांगली आहे. पण आई पडली तर ही काय हात देणार आहे?"

त्याचं बरोबर होतं. मी पोळी उलटली. "नाही देणार. हात मी देईन. एकच आहे, पण आहे."

"आणि तू पडलीस तर?"

"मग अक्का ओरडतील. आवाज ऐकलास ना आत्ता?"

"ऐकतेय मी!" आतून. "आणि श्रीकांत, तिकडे पुण्याला तुझ्या पोळ्या कोण करतं रे?"

"बाई येतात सकाळी, आई. करून ठेवून जातात."

"कशात ठेवतात?"

"डब्यात."

"आणि तू खातोस कधी?"

"रात्री. नऊ-साडेनऊला."

आतून काही वेळ नुसतं कवळीचं चावणं ऐकू आलं. मग अक्का म्हणाल्या, "सुमन, याचं पण ताट वाढ. बघ गाल कुठे गेलेत त्याचे."

तो हसला की काय केलं मला कळलं नाही, कारण त्याने तोंड फिरवलं. ताट-वाटी त्याने स्वतः घेतली, दिवाणाजवळ जमिनीवर मांडी घालून बसला आणि ओरडला, "मामी, पाठव! पण गाडीतूनच पाठव हं!" पुढची पाच मी एकामागून एक पाठवली. पन्नास वर्षांचा माणूस, बग्गी आली की टाळी वाजवायचा आणि बटण मीच दाबणार म्हणून आईशी भांडायचा. मधेच अक्कांचा आवाज, "किती ओरडतोस! तिला ऐकू येतं, घुबड आहे तिला." मी ओट्याशी उभी राहून लाटतेय आणि डोळे पुसतेय. धूर नव्हता, गॅसचा कसला धूर.

शेवटचा उंडा हातात घेतला, ही शेवटची म्हणून ओरडले, तर अक्का म्हणाल्या, "सुमन, ही बग्गीत घालू नको. भाजून झाली की गॅस बंद कर, तुझं ताट घे आणि तूच ये. पोळी छान येते गं, पण बग्गी बोलत नाही, नुसती थांबते. तू तिकडे, मी इकडे, जेवायला काही चव नाही त्यात."

मी गेले. डाव्या हातात माझं ताट, ताटात ती पोळी. काळ्या पट्टीवरूनच चालले, सवयीने. श्रीकांतने पाय आखडून जागा केली. अक्कांनी ती पोळी माझ्या ताटातून अर्धी मोडून घेतली, म्हणाल्या, "पोट भरलंय, तरी खाते." त्या दिवसापासून तेच चालू आहे, आधीच्या सगळ्या बग्गीने आणि शेवटची माझ्याबरोबर, अर्धी त्यांना, अर्धी मला.

श्रीकांत चार दिवस राहिला. जाताना एकच तिकीट वापरलं त्याने, दुसऱ्याचं काय केलं ते विचारायला मी विसरले. पोहे-जीरावण बांधून दिलं. जिन्यावरून खाली गेला आणि परत वर आला, मला वाटलं काही राहिलं. तर दारातच उभं राहून म्हणतो, "मामी, मलाही एक बग्गी करून बघायचीय. तो लेझरचा डोळा कुठल्या दुकानात मिळतो म्हणालीस?"